अहवालात 'भारी', फावड्याखाली गोटे: पठारावरच्या खडकाळ चिकण मातीचं करायचं काय?

पठारी (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

कऱ्हेपठाराच्या कडेला आमची वडिलोपार्जित सव्वातीन एकर आहे. वडील गेल्यानंतर दहाएक वर्षं पडीकच होती. गेल्या उन्हाळ्यात हुरूप आला, माती तपासून घेतली. अहवाल असा: चिकणमाती ५२ टक्के, सामू (पीएच) ८.१, सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्के, मुक्त चुना ९ टक्के, स्फुरद (फॉस्फरस) कमी, पालाश (पोटॅश) भरपूर. खाली शेरा: 'जमीन भारी, जलधारणाशक्ती उत्तम.'

आणखी काय पाहिजे? भारी जमिनीला चालणारा रब्बी ज्वारीचा वाण म्हणून फुले वसुधा आणली, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरली. उगवण सुरेख झाली. दिवाळी झाली, आणि पोटरीत यायच्या आधीच ज्वारीने माना टाकल्या. ओढ्याकडच्या अंगाला आमच्या चुलत्यांचं रान आहे. तीच पेर, तोच वाण, पाणी त्यांनीही दिलेलं नाही. त्यांची ज्वारी डोक्याच्या वर.

काल वैतागून पहार-टिकाव घेऊन खड्डा काढला. वर वीतभर काळी माती, पण तिच्यात मुठीएवढ्यापासून नारळाएवढ्यापर्यंत गोटे. खाली माती कमी आणि गोटे जास्त होत जातात. हातभर खाली पिवळट राखी मुरूम, पहार टेकवली की भुगा होणारा. दोन गोष्टी चमत्कारिक वाटल्या. गोटा उचलला की त्याच्या पोटाखालची माती ओलसर, बाजूची मात्र खडखडीत. आणि बऱ्याच गोट्यांच्या फक्त खालच्या बाजूला चुन्यासारखा पांढरा पापुद्रा.

प्रश्न तीन. ५२ टक्के चिकणमाती असलेल्या रानात एवढा दगड आला कुठून? खोटं कोण बोलतंय, अहवाल की ज्वारी? आणि दगड वेचून टाकायचे का? ट्रॅक्टरवरचं वेचणी यंत्र असलेला एक जण येऊन रान बघून गेलाय, आणि त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी दोन दिवस झोपलेलो नाही.

---

वखरवाला (रविवार, रात्री १०:०५)

आमच्याकडे अशा वावराला बरड म्हणतात, आणि बरडावर रब्बीची ज्वारी कुणी पेरत नाही भाऊ. अहवाल वाचण्याआधी चुलत्यांना विचारलं असतं तर बियाणं वाचलं असतं.

---

पठारी (रविवार, रात्री १०:११)

चुलत्यांशी बोलणं नाही. बांधावरून. असो.

---

भूगर्भातली (सोमवार, सकाळी ७:२०)

पहिला प्रश्न माझ्या पोटापाण्याचा आहे, म्हणून तो मी घेते.

तुमच्या रानाखाली आहे तो बेसाल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, कितीतरी वेळा, थरावर थर. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा खडक पसरलेला आहे, आणि सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. डोंगरांना पायऱ्यापायऱ्यांचा आकार दिसतो तो या थरांचा. 'ट्रॅप' हा शब्दही स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आला.

आता खरी गंमत. बेसाल्टमध्ये गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण जवळजवळ नसतात. ग्रॅनाइट कुजला की त्यातली गार कुजत नाही, तिची वाळू होते, आणि माती रेताड बनते. बेसाल्टमध्ये मुख्यतः फेल्डस्पार, पायरॉक्सीन आणि लोहाची खनिजं. ही सगळी हवा-पाण्याने विरघळतात, बदलतात आणि शेवटी चिकणमातीच होतात. म्हणून आपल्या पठारावर एक तर दगड असतो नाही तर चिकण. मधली वाळू फारशी नाही. तुम्हाला विसंगत वाटतंय ते या खडकाचं अगदी सरळ वागणं आहे. दगड हा अजून माती न झालेला भाग, एवढंच.

गोटे गोल का, तर थंड होताना लाव्ह्याला तडे पडतात आणि खडकाचे ठोकळे होतात. पाणी तड्यांतून शिरतं आणि ठोकळ्याला सगळीकडून कुरतडतं. कोपऱ्यांवर दोन-तीन बाजूंनी मारा होतो, म्हणून कोपरे आधी झिजतात. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे थर सुटत जातात आणि आत टणक गाभा उरतो. रस्त्यासाठी नव्याने कापलेल्या घाटात उभं राहून बघा, मुरमात रचून ठेवल्यासारखे कांदे दिसतात. तुमचा पिवळट मुरूम म्हणजे सुटलेले पापुद्रे, गोटे म्हणजे गाभे.

पोटाखालच्या पांढऱ्या पापुद्र्यावर लिंबू पिळा. बारीक फसफस झाली तर चुना. बेसाल्टमधून कॅल्शियम भरपूर सुटतं. पाऊस जास्त असता तर ते वाहून गेलं असतं, पण तुम्ही पर्जन्यछायेत आहात. मातीतलं पाणी दगडाच्या पोटाशी थांबतं, तिथेच आटतं आणि चुना मागे ठेवून जातं. म्हणजे तुमचे ओलसर माती आणि पांढरा पापुद्रा हे दोन चमत्कार मुळात एकच आहेत.

---

नवशिकी (सोमवार, सकाळी ९:०२)

काय सुंदर प्रतिसाद! वेडा प्रश्न: मग कासच्या पठारावरची पातळ माती हीच का?

---

भूगर्भातली (सोमवार, सकाळी ९:३०)

नाही. मूळ खडक तोच, पण तिथे पाऊस प्रचंड. त्याने कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका सगळं धुऊन नेलं आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरलं. तो जांभा. तिथली चिकणमाती वेगळ्या जातीची असते, फुगत नाही. महाबळेश्वरचा लाल रस्ता आणि पठारीदादांचं काळं रान, दोन्ही एकाच आईची लेकरं, पावसाने वेगळी केलेली.

---

काळीमाती (सोमवार, दुपारी १:१५)

दुसरा प्रश्न माझा. मृदशास्त्रात शिकलो आणि उभी हयात माती बघण्यात गेली.

खोटं कुणीच बोलत नाहीये. प्रयोगशाळेत नमुना गेला की तो वाळवतात, कुटतात आणि २ मि.मी.च्या चाळणीतून गाळतात. चाळणीवर उरलेला दगड फेकून देतात. सगळी तपासणी गाळलेल्या मातीची. ५२ टक्के चिकणमाती म्हणजे चाळणीखाली आलेल्या मातीच्या ५२ टक्के, तुमच्या रानाच्या नव्हे. त्यातून नमुना घेताना आपण हाताने मोठे गोटे आधीच बाजूला केलेले असतात. केलेत ना?

घोळ खरा झाला तो 'भारी' या शब्दात. मराठीत हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. (तिसरा पोरं वापरतात तो सोडा.) एक अर्थ पोताचा: चिकट, चिकणमातीची, नांगराला जड. दुसरा खोलीचा. रब्बी ज्वारीच्या शिफारशीत जमीन खोलीवर मोजतात: ३० सें.मी.पर्यंत हलकी, ६० पर्यंत मध्यम, त्यापुढे भारी. अहवालाने पोत बघून 'भारी' लिहिलं आणि तुम्ही खोलीच्या अर्थाने वाचून वसुधा आणली. तुमचं रान पोताने भारी आणि खोलीने हलकं ते मध्यम आहे. तिथे पेरायचीच होती तर फुले अनुराधा किंवा माऊली, आणि तीही सप्टेंबरात.

आता पाण्याचा हिशोब. त्याआधी दगड मोजा. ३० सें.मी. लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल खड्डा काढा, २७ लिटरचा. गोट्यांमुळे कडा सरळ येणार नाहीत. मग खड्ड्यात पातळ प्लास्टिकचा कागद अंथरून पाणी भरा आणि किती लिटर मावलं ते लिहून ठेवा. निघालेली माती चाळा, गोटे धुवा. काठोकाठ भरलेल्या बादलीत ते सोडा आणि सांडलेलं पाणी मोजा. तेवढा तुमच्या रानात दगड.

अशी चिकणमाती पिकाला उपयोगी पडेल असं पाणी मीटरभर खोलीत ढोबळ मानाने १५० मि.मी. धरते. तुमची माती ४० सें.मी. धरू, म्हणजे ६० मि.मी. त्यात तिसरा हिस्सा दगड निघाला तर उरलं ४०. ज्वारी दिवसाला ४ मि.मी. पिते असं धरलं तरी दहा दिवसांचा शिधा. ओढ्याकाठची मीटरभर खोल माती १५० मि.मी. धरून बसली आहे, सव्वा महिन्याची बेगमी. चुलत्यांच्या ज्वारीत जादू नाही, साठा आहे.

खताचंही तसंच. १५ सें.मी. थरात हेक्टरी २२.४ लाख किलो माती धरून अहवालातले आकडे बसवलेले असतात. तिसरा हिस्सा दगड असेल तर माती पंधरा लाखांच्या आसपास. तुमचं 'भरपूर' पालाशही त्याच प्रमाणात कमी भरपूर.

---

वखरवाला (सोमवार, दुपारी २:००)

दंडवत घ्या काका. पण एक शंका. मुरूमही पाणी धरतो की. आमच्या बरडावर मुरमात मुळ्या गेलेल्या मी डोळ्याने बघितल्यात.

---

काळीमाती (सोमवार, दुपारी २:२०)

बरोबर बोललात. कुजलेल्या पिवळ्या दगडाला छिद्रं असतात, तो थोडं पाणी धरतो. काळा टणक गोटा जवळजवळ काहीच धरत नाही. म्हणून दोन्हींची बादली वेगळी करा. नख लावल्यावर खरवडला जातो तो एकीकडे, हातोडीने ठणकन वाजतो तो दुसरीकडे.

---

पाया_पक्का (सोमवार, रात्री ८:४५)

थोडं अवांतर, पण पठारीराव, त्या रानात घर-बिर बांधायचा विचार असेल तर आधी ऐका.

या चिकणमातीतलं मुख्य खनिज स्मेक्टाइट गटातलं, मॉन्टमोरिलोनाइट. पापडांची चवड डोळ्यांपुढे आणा. पापडांच्या मध्ये पाणी शिरलं की चवड फुगते, सुकलं की बसते. पावसाळ्यात पाया वर उचलला जातो, उन्हाळ्यात खाली बसतो. घराच्या मधोमध ओल टिकून राहते आणि कडेची माती सुकते, म्हणून भिंती कोपऱ्यापासून तिरक्या फाटतात. माझ्या स्वतःच्या पहिल्या बांधकामात मी हे केलंय. 'वर गोटे दिसतायत, खाली कातळ असेल' म्हणून दोन फुटांवर पाया टाकला. दुसऱ्या मे महिन्यात स्वयंपाकघराच्या खिडकीखालून माझी करंगळी जाईल एवढी भेग.

गोटे दिसतात म्हणून माती फुगत नाही असं होत नाही. गोटे मातीत तरंगतात. एकमेकांना टेकलेले असतील तर गोष्ट वेगळी. अशा ठिकाणी काळी माती पूर्ण काढायची, पक्क्या मुरमावर जायचं आणि न फुगणाऱ्या मुरमाची भर कुटून घालायची. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर द्यायची पद्धत आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टी यांनी मांडली, कालव्यांच्या कामात ती वापरली गेली. माती खोल असेल तर खाली फुगवटा काढलेले खांब, अंडर-रीम्ड पाइल. ते रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेचं काम.

जुनी माणसं हे आपल्याहून पक्कं जाणत होती. गाव पांढरीत वसवायचं, कसायचं काळीत.

---

नवशिकी (सोमवार, रात्री ९:१०)

पांढरी-काळी हे असं होतं होय! मला वाटायचं ते नुसते देवाच्या नावाने म्हणायचे शब्द आहेत.

---

सरीवरंबा (मंगळवार, सकाळी ६:३०)

वेचणी यंत्राबद्दल कुणीच बोलेना, म्हणून मी. वेचू नका. म्हणजे सगळे वेचू नका.

मी वेचले होते. आठ वर्षांपूर्वी दीड एकर लख्ख केलं, गावात मिरवलो. पहिल्या वळवाच्या पावसात वरची माती पाण्याबरोबर ओढ्यात. दगड होते तोवर थेंबाचा मार ते झेलत होते, पाण्याला अडखळायला लावत होते. उघड्या चिकणमातीवर थेंब आपटला की तिची साय धरते, मग पाणी मुरत नाही, पळतं. शिवाय दगडाखालून बाष्पीभवन कमी होतं. धागाकर्त्याने स्वतःच बघितलंय, गोट्याखाली ओल होती.

आणि तीन वर्षांत पुन्हा दगड वर. आमची आई म्हणायची, या रानात दगड पिकतात.

---

भूगर्भातली (मंगळवार, सकाळी ७:४५)

आईंचं निरीक्षण अचूक आहे. माती फुगते तेव्हा गोट्याला वर ढकलते. सुकून भेगा पडल्या की वरची भुसभुशीत माती भेगेतून घरंगळून गोट्याच्या खालच्या पोकळीत जाते. आता गोट्याला पूर्वीच्या जागी बसायला जागाच नाही. दर वर्षी थोडा थोडा वर. त्यात पाऊस वरची माती धुऊन नेतो आणि गोटे उघडे पाडतो, नांगर खालचे उपटतो. त्यामुळे पृष्ठभागावर गोट्यांची गर्दी दिसते ती खालपर्यंत तशीच असेल असं नाही.

खोल काळ्या रानात खड्ड्याच्या भिंतीवर तिरके, चकचकीत, घासल्यासारखे पृष्ठ दिसतात. माती मातीवर घसरल्याच्या त्या खुणा. पठारीदादा, तुमच्या खड्ड्यात त्या दिसल्या का?

---

पठारी (मंगळवार, सकाळी ८:२०)

चकचकीत नाही. वरची माती वाळल्यावर बारीक खड्यांसारखी सुटते, हातात घेतली तर ज्वारीच्या दाण्याएवढ्या टोकदार कण्या. भेगा आहेत पण करंगळीही जात नाही, आणि मुरमाला पोहोचल्या की संपतात. चुलत्यांच्या रानातल्या भेगेत मात्र लहानपणी माझी चप्पल गेली होती.

---

वखरवाला (मंगळवार, सकाळी १०:००)

मी वेचायच्या बाजूचा आहे, सरीवरंबा रागावू नका. नारळाएवढा गोटा वखराची पास मोडतो. पेरताना दाता उडतो, बी वर पडतं. वाफसा या रानात असतोच किती? आज चिखल पायाला लागतो, चार दिवसांनी ढेकळं. त्या दोन-तीन दिवसांच्या घातीत दर दहा पावलांवर थांबायचं?

---

सरीवरंबा (मंगळवार, सकाळी १०:४०)

मग आपलं भांडणच नाही! अवजाराला अडेल तो मोठा गोटा काढा, मुठीच्या आतला राहू द्या. आणि काढलेला रानाबाहेर फेकू नका. समपातळीत, उताराला आडवी ताल, म्हणजे दगडांचा बांध, रचा. पाणी थांबेल, माती अडेल. आमच्या तालीच्या पाठीशी आता कमरेएवढी माती साठली आहे, शेताचा सगळ्यात खोल पट्टा तोच. तिथे ज्वारी येते, बाकी रानात नाही.

---

काळीमाती (मंगळवार, दुपारी १२:३०)

सरीवरंबा यांना अनुमोदन. डोंगरमाथ्यावर पातळ, उतारावर मध्यम, ओढ्याकाठी खोल हा क्रम निसर्गाने पाण्यानेच लावलाय. ताल तोच क्रम तुमच्या बांधाच्या आत घडवते.

तलावातला गाळ टाकायचा असेल तर तोही चिकणच असतो, हे लक्षात ठेवा. मुरमाड रानाला तो मानवतो, पण दोन वीत जाड थर नुसता पसरू नका. खालच्या खडबडीत थरात पाणी सहजी उतरत नाही, वर चिखल साचतो. दोन-तीन बोटं टाकून वखराने मिसळा, पुढच्या वर्षी पुन्हा.

आणि मुक्त चुना ९ टक्के म्हणजे लोह आणि जस्त पिकाला सहजी मिळणार नाही. भुईमूग किंवा सोयाबीन घेतलंत तर कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतील. तेव्हा युरिया मारत सुटू नका, ते लोह मागतंय.

---

नवशिकी (मंगळवार, दुपारी ३:१५)

खड्डा न काढता रान ओळखायचं असेल तर? आम्ही तालुक्यात जागा बघतोय. दलाल सगळ्याच जमिनीला 'काळी कसदार' म्हणतो.

---

वखरवाला (मंगळवार, दुपारी ४:००)

झाडं बघा. तरवड आणि कुसळी माजलेली असेल तर खाली मुरूम जवळ. लव्हाळा दाट असेल तर माती खोल आणि ओल धरणारी. आणि शेजारची विहीर! काठावरून आत वाकून बघितलं की काळी किती, मुरूम किती, पाषाण कुठे लागला, सगळं भिंतीवर लिहिलेलं असतं. पडायचं तेवढं सांभाळा.

---

काळीमाती (मंगळवार, दुपारी ४:३५)

आणि रंगावर जाऊ नका. काळा रंग म्हणजे कस, हा आपला लाडका गैरसमज आहे. पठारीदादांचा कर्ब बघा, ०.४८, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्याही आत. या चिकणमातीला थोडासा कुजका अंशही घट्ट चिकटून बसतो आणि तेवढ्याने ती काळी दिसते.

चिमूटभर माती ओली करून अंगठा आणि बोटामध्ये पट्टी सरकवा. दोन इंचांहून लांब पट्टी न तुटता आली तर पोत चिकणमातीचा. पण ते फक्त पोताचं झालं. खोलीसाठी खड्ड्याला पर्याय नाही, दलालाला तो रुचणार नाही हे धरूनच चला.

---

पठारी (पुढचा रविवार, संध्याकाळी ७:३०)

मंडळी, बादली झाली. तीन ठिकाणी खड्डे काढले, मुलगा आणि पुतण्या मदतीला. (हो, चुलत्यांचा नातू. पोरांना बांध कळत नाही.)

वरचा कोपरा: खड्ड्यात २९ लिटर पाणी मावलं, गोट्यांनी ११ लिटर सांडलं. म्हणजे ३८ टक्के दगड, आणि खोली जेमतेम ३० सें.मी. मधला भाग: २७ लिटरला साडेआठ, ३१ टक्के, खोली ४२. ओढ्याकडचा पट्टा: २८ ला ३ लिटर, ११ टक्के, आणि ७० सें.मी.पर्यंत पहार मुरमाला लागली नाही. अहवालासाठी नमुना मी कुठून घेतला होता? जिथे खणायला सोपं गेलं तिथून, या खालच्या पट्ट्यातून. शेरा मारणाऱ्याला उगाच शिव्या घातल्या.

लिंबू पिळलं, फसफसलं. पुतण्याने तीन गोटे घरी नेलेत.

आता ठरलंय ते असं. यंत्रवाल्याला नाही सांगितलं. अवजाराला अडणारे मोठे गोटे मजुरांकडून काढून दोन ताली, एक वरच्या कोपऱ्याखाली, एक मध्यावर. वर सीताफळ, मुरमात खड्डे घेऊन. त्याला पाय ओले ठेवलेले आवडत नाहीत असं ऐकून आहे. मध्ये खरिपात बाजरी-मटकी. ज्वारी फक्त खालच्या पट्ट्यात, अर्धा एकर भरेल कसाबसा.

कालच्या खड्ड्यापाशी चुलते येऊन उभे राहिले होते. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "तुझ्या आज्याने त्या वरच्या तुकड्यात ज्वारी कधी पेरली नाही. मटकी टाकायचा." आणि गेले.

सीताफळाचे खड्डे किती फुटांवर घ्यावेत, यावर कुणी सांगेल का?